वाचणारे साहेब, ऐकणारे साहेब

वाचकांचे प्रश्न : नोकरी आणि कार्यालय

या वेळी आलेल्या पत्रांत एकच तक्रार निरनिराळ्या रूपांत आढळली : मी सांगतो ते माझ्या सहकाऱ्यापर्यंत नीट पोहोचत नाही, आणि प्रत्येकाला वेगळ्या पद्धतीने सांगत बसायचे तर माझे काम कधी व्हायचे? त्यांपैकी पाच पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे आणि आस्थापनांचे उल्लेख गाळले आहेत.

प्रश्न : मी वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका औषधनिर्मिती कारखान्यात उत्पादन विभागात शिफ्ट इन्चार्ज आहे. माझा रोजचा संबंध दोन माणसांशी येतो. गुणवत्ता विभागाच्या मॅडमना काहीही तोंडी सांगितले की त्या ‘मेल करा’ एवढेच म्हणतात आणि पुढे चालू लागतात. मेंटेनन्सचे प्रमुख नेमके उलट. त्यांना पाठवलेली मेल दोन-दोन दिवस उघडली जात नाही. पण वर्कशॉपमध्ये जाऊन उभे राहिले की घरची चौकशी आणि चहा झाल्यावर तेच काम अर्ध्या तासात मार्गी लागते. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी यंत्रे देखभालीसाठी बंद ठेवायच्या तारखा ठरवताना मी दोघांच्या मध्ये अडकलो. मॅडमना तारखा लेखी हव्या होत्या, मेंटेनन्सचे प्रमुख ‘बघूया, होईल’ म्हणत राहिले आणि शेवटी बोल मला लागला. माणसागणिक मी स्वतःला किती बदलायचे? — एक वाचक, कुडचडे

उत्तर : आपण या दोघांना एकाच मापाने मोजत आहात, म्हणजे दोघांनाही ‘विक्षिप्त सवयीची माणसे’ समजत आहात असे पत्रावरून वाटते. प्रथम त्यांना वेगळे करू.

गुणवत्ता विभागाच्या मॅडमचा ‘मेल करा’ हा आग्रह स्वभावातून आला असेलही, पण तो त्यांच्या पदातून आला असण्याची शक्यता अधिक आहे. औषधनिर्मितीत जे कागदावर नाही ते घडलेच नाही, असे धरून तपासणी होते. औषध नियमांतील शेड्यूल एम असो वा परदेशी नियामकांच्या अटी असोत, प्रत्येक बॅचची नोंद त्या त्या वेळी, त्या त्या व्यक्तीच्या सहीने झालेली असावी, ही अपेक्षा सर्वत्र आहे. आपण कॉरिडॉरमध्ये चालता चालता सांगितलेली एखादी त्रुटी त्यांनी ऐकून घेतली आणि तिची नोंद झाली नाही, तर सहा महिन्यांनी तपासनीसासमोर ‘हे आपल्याला कधी कळले?’ या प्रश्नाचे उत्तर त्यांना द्यावे लागते. त्या पुढे चालू लागतात ते आपल्याला टाळण्यासाठी नव्हे, तर अर्धवट माहितीची जबाबदारी अंगावर येऊ नये म्हणून, असे समजून पाहा. आपला अर्धा राग तेथेच उतरेल.

आता मेल कशी लिहावी. आपल्याकडे कार्यालयीन मेलची सुरुवात पार्श्वभूमीने होते आणि मागणी तळाशी, ‘तरी कृपया’ या शब्दांमागे दडलेली असते. दिवसाकाठी ढीगभर मेल वाचणाऱ्या माणसासाठी हा क्रम उलटा करावा. विषयाच्या ओळीतच लिहा : ‘ब्लेंडर क्र. २ : देखभालीसाठी दोन दिवस बंद, आपली मान्यता गुरुवारी दुपारपर्यंत हवी.’ त्याखाली पहिल्या वाक्यात कोणत्या तारखा, दुसऱ्यात कोणत्या बॅचवर परिणाम होतो आणि ती कशी हलवली आहे, तिसऱ्यात यंत्र पुन्हा सुरू करण्यापूर्वी साफसफाईची व पडताळणीची कोणती नोंद मिळेल, एवढे असले की पुरे. बाकीचा इतिहास जोडपत्रात जाऊ द्या. प्रसंग तातडीचा असेल तर समक्ष सांगायला हरकत नाही. मात्र सांगतानाच ‘याची मेल पाच मिनिटांत येते आहे’ असे म्हणावे आणि ती खरोखरच पाठवावी.

मेंटेनन्सच्या प्रमुखांची गोष्ट निराळी आहे. व्यवस्थापनशास्त्राचे विख्यात अभ्यासक पीटर ड्रकर यांनी १९९९ मध्ये लिहिलेल्या एका लेखात माणसांची एक साधी विभागणी केली होती : काही जण वाचून समजून घेतात, काही जण ऐकून, आणि आपण स्वतः यांपैकी कोण हे फारच थोड्यांना ठाऊक असते. त्यांनी दिलेली उदाहरणे मोठ्या माणसांची आहेत. दुसऱ्या महायुद्धात युरोपातील दोस्त सैन्याचे सरसेनापती असताना आयझेनहॉवर यांच्या पत्रकार परिषदांची वाहवा होत असे, कारण प्रत्येक प्रश्न निदान अर्धा तास आधी त्यांच्या हाती लेखी पडेल अशी व्यवस्था त्यांच्या सहायकांनी केलेली होती. पुढे ते अमेरिकेचे अध्यक्ष झाले आणि रूझवेल्ट व ट्रुमन या दोन ‘ऐकणाऱ्या’ अध्यक्षांची, समोरून येईल त्या प्रश्नाला तिथल्या तिथे उत्तर देण्याची रीत त्यांनी पुढे चालवली. तेव्हा तेच पत्रकार त्यांच्या भरकटणाऱ्या उत्तरांची टिंगल करू लागले. लिंडन जॉन्सन यांचे दुखणे याच्या विरुद्ध होते. केनेडी यांनी जमवलेले उत्तम लेखणीचे सहायक त्यांनी तसेच ठेवले, आणि ते सहायक टिपणांवर टिपणे पाठवत राहिले; जॉन्सन मात्र ऐकणारे गृहस्थ होते, त्यांना त्या कागदांतले फारसे कधी उमगलेच नाही, असे ड्रकर यांचे म्हणणे.

आपले मेंटेनन्सप्रमुख या दुसऱ्या पंगतीतले दिसतात. त्यांच्याकडे जावेच लागेल, आणि जाताना एक छापील कागद न्यावा : कोणती यंत्रे, किती तास आणि आपल्याला सोयीच्या दोन पर्यायी तारखा. घरच्या चौकशीला आपण वेळेचा अपव्यय समजत असाल तर तो समज सोडा. आपल्या भागात कामाचे बोलणे असेच सुरू होते आणि त्या पाच मिनिटांत पुष्कळदा कामाचीच माहिती हाती लागते. त्यांच्या ‘बघूया, होईल’ या उत्तरापाशी आपण थांबलात, ही या प्रकरणातील खरी अडचण मला वाटते. त्या उत्तरावर लगेच पुढचा प्रश्न विचारायला हवा होता : ‘काय मिळाले नाही, तर होणार नाही?’ मग कदाचित कळले असते की एक सुटा भाग अजून पुरवठादाराकडून यायचा आहे, किंवा चवथीसाठी निम्मे फिटर आपापल्या गावी जाणार आहेत आणि कोण कधी परतणार हे त्यांना स्वतःलाच पक्के ठाऊक नाही. ज्याला तारीख देता येत नाही त्याला मेलमधून तारीख मागितली की तो मेल उघडत नाही. समोर बसून विचारले की तो तारखेची अट सांगतो. ती अट म्हणजेच आपल्याला हवी असलेली माहिती. ती त्यांच्यासमोरच कागदावर लिहावी, त्यांना वाचून दाखवावी आणि जागेवर परतल्यावर दोघांनाही एकच मेल करावी : ‘आताच ठरल्याप्रमाणे, सुटा भाग सोमवारपर्यंत आल्यास ब्लेंडर मंगळवारी व बुधवारी बंद राहील, न आल्यास चवथीनंतरच्या आठवड्यात.’ ही मेल मेंटेनन्सप्रमुखांनी उघडली नाही तरी चालेल. त्यांनी ती आधीच ऐकलेली आहे.

आपण विचारता की स्वतःला किती बदलायचे. माझे उत्तर असे की सांगण्याचा क्रम, माध्यम, वेळ आणि लांबी हवी तितकी बदला; तारीख, आकडा, अडचण आणि नकार यांपैकी काहीही बदलू नका. या दोघांना पाठवलेले दोन निरोप शेजारी शेजारी ठेवून वाचले, तर कोणालाही आपली फसवणूक झाली असे वाटता कामा नये. एकाला ‘नक्की’ आणि दुसऱ्याला ‘बहुतेक’ असे सांगितले गेले असेल तर त्याला जुळवून घेणे म्हणत नाहीत.

आणखी एक गोष्ट मात्र मी निःसंकोचपणे सांगेन. वर्षातून एकदा येणारा यंत्रबंदीचा निर्णय शिफ्ट इन्चार्जने दोन विभागप्रमुखांत ये-जा करून जुळवायचा, ही व्यवस्थाच चुकीची आहे. कारखाना व्यवस्थापकांना विनंती करून जुलैच्या अखेरीस तिघांची एक छोटी बैठक ठरवून घ्या. आपण कितीही उत्तम दुभाषे झालात तरी जे दोघांनी समोरासमोर बसून ठरवायचे आहे ते आपल्याला ठरवता येणार नाही.

प्रश्न : मी मडगावातील एका खासगी रुग्णालयात परिचारिका आहे, गाव बांदा, येथे वसतिगृहात राहते. रात्रपाळीत डॉक्टरांना फोन करायचा म्हटले की पोटात गोळा येतो. एक सर्जन पहिल्याच वाक्याला ‘सिस्टर, मुद्द्यावर या’ म्हणून तोडतात. दुसऱ्या मॅडमना मात्र सगळे पहिल्यापासून सांगितले नाही तर राग येतो. एकाच रुग्णाविषयी दोघांशी दोन प्रकारे बोलताना काहीतरी राहून जाईल अशी भीती वाटते. — एक वाचक, मडगाव

उत्तर : आपली भीती रास्त आहे, आणि म्हणून वरच्या पत्राला दिलेला सल्ला मी आपल्याला देणार नाही. जिथे एखादा तपशील राहून गेला तर रुग्णाच्या जिवावर बेतू शकते, तिथे समोरच्या माणसाच्या पसंतीनुसार सांगण्याचा साचा बदलू नये. साचा एकच ठेवावा आणि तो दोघांनाही मानवेल इतका आटोपशीर असावा.

असा साचा उपलब्ध आहे. त्याचे मूळ अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरील कामकाजात असल्याचे सांगितले जाते. या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत कैसर पर्मनंटे या तेथील आरोग्यसंस्थेने तो रुग्णालयांत आणला, त्यानंतर जगभरच्या रुग्णालयांनी स्वीकारला, आणि आता परिचर्या महाविद्यालयांतही तो ‘एसबार’ या नावाने शिकवला जातो. आपणही कदाचित तो परीक्षेपुरता पाठ केला असेल. त्याचे चार भाग आहेत : आत्ता काय चालले आहे, आधी काय घडले होते, मला काय वाटते, आणि आपण काय करावे अशी माझी विनंती आहे. तो का लागला याचे कारण आपल्या पत्रातच दिसते. परिचारिकांना रुग्णाचे निरीक्षण घडले त्या क्रमाने, सविस्तर नोंदवायला शिकवलेले असते. डॉक्टरांना अनेक लक्षणांतून नेमके निदान काढायला शिकवलेले असते. रात्री दोन वाजता एक जण गोष्ट सांगू लागतो आणि दुसरा मथळा शोधत असतो. यात दोष दोघांच्याही स्वभावाचा नाही, दोघांच्या प्रशिक्षणाचा आहे.

फोन उचलण्यापूर्वी केसपेपर, शेवटच्या दोन नोंदींचे आकडे, चालू औषधे आणि ॲलर्जीची नोंद हाताशी ठेवा. मग असे बोला : ‘सर, मी सर्जिकल वॉर्डमधून स्टाफ नर्स बोलते आहे. खाट क्रमांक सातच्या रुग्णाचा रक्तदाब ९० बाय ६० वर आला आहे, नाडी १२० आहे. वय ६४, काल दुपारी पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली, रात्री दहा वाजता रक्तदाब १३० बाय ८० होता. पोट ताठ लागते आहे, आत रक्तस्राव होत असावा अशी मला शंका आहे. आपण आत्ता येऊन पाहावे अशी विनंती आहे. तोवर काय सुरू करू?’ हे सावकाश म्हटले तरी अर्ध्या मिनिटात होते. ‘मुद्द्यावर या’ म्हणणाऱ्या सर्जनना मुद्दा पहिल्या आकड्यातच मिळतो, त्यामुळे त्यांना तोडायला जागा राहत नाही. सविस्तर ऐकणाऱ्या मॅडमशीही हेच बोलावे आणि शेवटी ‘दुपारपासूनच्या नोंदी वाचून दाखवू का?’ असे विचारावे. त्या हो म्हणाल्या तर वाचाव्यात. फरक इतकाच करायचा, आणि तोही साचा पूर्ण झाल्यानंतर.

चारपैकी शेवटचा भाग सर्वांत जास्त वेळा गिळला जातो. ‘डॉक्टरांना या म्हणून सांगणारी मी कोण?’ हा संकोच आपल्याकडे फार खोल रुजलेला आहे, त्यामुळे परिचारिका आकडे सांगून थांबते, डॉक्टर ‘ठीक आहे, लक्ष ठेवा’ म्हणतात आणि दोघांनाही वाटते की आपले कर्तव्य झाले. विनंती स्पष्ट शब्दांत करण्यात कोणताही उद्धटपणा नाही. फोनवर मिळालेली सूचना औषधाचे नाव, मात्रा आणि देण्याचा मार्ग यांसह परत वाचून दाखवावी, डॉक्टरांकडून ‘बरोबर’ असे वदवून घ्यावे आणि वेळेसह केसपेपरवर लिहावी. डॉक्टर आले की तिच्यावर त्यांची सही घ्यावी. ते चिडले तरी वाचून दाखवावी. आणि ‘लक्ष ठेवा’ या उत्तरानंतर प्रकृती खालावत गेली तर पुढचा फोन कोणाला करायचा, हे आपल्या नर्सिंग सुपरिंटेंडंटना दिवसाउजेडी, शांतपणे विचारून ठेवा. ऐन वेळी तो प्रश्न मनात येता कामा नये.

प्रश्न : मी पर्वरीत घरूनच एका सॉफ्टवेअर कंपनीसाठी काम करतो. माझे वरिष्ठ सहकारी चॅटवर ‘सर, दोन मिनिटे आहेत का?’ या निरोपाला तासन्‌तास उत्तर देत नाहीत. मला टाळतात असे वाटते. — एक वाचक, पर्वरी

उत्तर : टाळत असतील असे वाटत नाही. आपल्या निरोपात उत्तर देण्याजोगे काही नसते, इतकेच. ‘हो’ म्हटले की पुढे दोन मिनिटे जातील की दोन तास, हे त्यांना कळायला मार्ग नाही. संगणकक्षेत्रातील पॉल ग्रॅहम यांनी २००९ मध्ये एक उपयुक्त भेद मांडला होता : व्यवस्थापकाचा दिवस तासातासाच्या कप्प्यांत विभागलेला असतो, तर प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला सलग अर्धा दिवस लागतो आणि मध्ये आलेली एक बैठकही तो अर्धा दिवस मोडते. आपले सहकारी दुसऱ्या प्रकारात बसतात. तेव्हा नमस्कार, प्रश्न, आपण आतापर्यंत काय करून पाहिले आणि उत्तर कधीपर्यंत हवे, हे सर्व एकाच निरोपात लिहा. रोज एखादी ठरावीक वेळ मागून घेतलीत, जेवणानंतरची अडीच-तीनची म्हणा, तर तेही बहुधा आनंदाने देतील.

प्रश्न : आमच्या विद्यालयात नुकतेच एक प्रशिक्षण झाले. प्रश्नावली भरून घेऊन शिक्षकांची चार रंगांत विभागणी केली आणि कोणत्या रंगाच्या माणसाशी कसे बोलावे याचा तक्ता शिक्षककक्षात लावला. आता ‘त्या निळ्या आहेत, त्यांना आकडे लागतात’, ‘मुख्याध्यापिका लाल, त्यांच्यापुढे लांबण नको’ अशी भाषा रोजची झाली आहे. यात कितपत तथ्य आहे? — एक शिक्षिका, पेडणे

उत्तर : तक्ता महिनाभर राहू द्या, मग सूचनाफलकावरील जुन्या परिपत्रकांबरोबर उतरवा.

माणसांच्या अशा विभागणीला मोठी परंपरा आहे. कार्ल युंग यांचे मनोवृत्तींच्या प्रकारांवरील पुस्तक १९२१ चे. विल्यम मार्स्टन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९२८ मध्ये वर्तनाची चार अंगे मांडली, आणि आज चार अक्षरांनी वा चार रंगांनी ओळखल्या जाणाऱ्या अनेक प्रश्नावल्यांचे मूळ या दोघांपैकी एकाकडे जाते. (हेच मार्स्टन पुढे वंडर वुमन या चित्रकथेतील नायिकेचे जनक म्हणून अधिक प्रसिद्ध झाले.) पण मार्स्टन यांनी स्वतः या चार अंगांसाठी कोणतीही चाचणी तयार केली नव्हती, चाचण्या नंतरच्या मंडळींनी बनवल्या आणि विकल्या. युंग यांच्या कल्पनांवर आधारलेल्या सर्वांत प्रसिद्ध चाचणीवरचा जुना आक्षेप असा की तीच माणसे काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा देतात, तेव्हा त्यांच्यातील बऱ्याच जणांचा प्रकार बदललेला निघतो. याचे नवल वाटण्याचे कारण नाही. दहावीच्या परीक्षेच्या आठवड्यातील मुख्याध्यापिका आणि मे महिन्यातील मुख्याध्यापिका यांना एकच प्रश्नावली दिलीत, तर रंग एकच येईल याची खात्री आपण देऊ शकाल का?

अशा प्रशिक्षणाचा फायदा एवढाच की ‘सगळी माणसे माझ्यासारखी नाहीत’ ही गोष्ट दोन तास चर्चेत राहते. तोटा त्यानंतर सुरू होतो. रंग ही सबब होते : मी लाल, म्हणून मी ओरडणार, ती पिवळी, म्हणून तिच्याकडून हजेरीपत्रक वेळेवर मागू नये. शिवाय ज्याच्या नावापुढे एकदा रंग लागला त्याला काही विचारण्याची गरज उरत नाही, आणि सहकाऱ्याशी बोलण्यात विचारणे हाच तर महत्त्वाचा भाग आहे.

त्याऐवजी पुढच्या शिक्षकसभेत प्रत्येकीला नेमक्या कामाविषयी विचारा. कोणी गैरहजर असेल तेव्हा तिचा तास आपल्याकडे आल्याचे कसे कळावे : सकाळी प्रार्थनेपूर्वी समक्ष, की आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर? एखादीला तान्हे मूल आहे आणि रात्री नऊनंतर ती फोन पाहत नाही. एखादी पहिल्या कदंब बसने येते आणि प्रवासातच तिला निरोप मिळालेला बरा वाटतो. त्याचप्रमाणे गटावर काय लिहू नये, हेही ठरवा. एखाद्या शिक्षिकेच्या निकालपत्रातील चूक सर्वांसमोर गटावर दाखवणे हे कोणत्याच रंगाला आवडत नाही. ही उत्तरे वर्षभरात बदलतील, म्हणून जूनमध्ये पुन्हा विचारावीत.

प्रश्न : मी पणजीतील एका सरकारी कार्यालयात अव्वल कारकून आहे. नवे वरिष्ठ मनमोकळे आहेत, पण सगळे तोंडी सांगतात. टिपणी ठेवली की ‘एवढ्यासाठी कागद कशाला, करून टाका’ म्हणतात. आधीचे साहेब प्रत्येक गोष्टीवर लेखी शेरा देत. नव्या साहेबांच्या पद्धतीशी जुळवून घेणे हे माझे कर्तव्य आहे, असे सहकारी सांगतात. ते बरोबर आहे का? — एक वाचक, पणजी

उत्तर : अर्धे बरोबर आहे. बैठकीची वेळ, पत्राच्या मसुद्याची भाषा, फाइल कोणत्या क्रमाने पुढे ठेवायची, सकाळी दहा मिनिटे समक्ष आढावा द्यायचा की दिवसअखेरीस, या सर्व बाबतींत साहेब म्हणतील तसे वागावे. ऐकून निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यापुढे चार पानांची टिपणी ठेवण्यापेक्षा आधी दोन वाक्यांत विषय सांगावा आणि मग फाइल उघडावी, हे शहाणपणाचेच आहे.

जिथे आदेशाने कोणाचा हक्क, पैसा किंवा नियुक्ती यांवर परिणाम होतो, तिथे मात्र हा कार्यपद्धतीच्या आवडीनिवडीचा विषय राहत नाही. गोवा शासनाच्या कर्मचाऱ्यांनाही लागू असलेल्या केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील नियम ३ पाहा. वरिष्ठाचे निर्देश सामान्यतः लेखी असावेत, तोंडी देणे अपरिहार्य झाले तर वरिष्ठाने ते लगेच लेखी कायम करावेत, आणि तोंडी निर्देश मिळालेल्या कर्मचाऱ्याने शक्य तितक्या लवकर लेखी दुजोरा मागावा, असे त्यात आहे. म्हणजे कागद मागणे ही आपल्या जुन्या साहेबांची लकब नव्हती, आणि तो आज मागणे हा नव्या साहेबांवरील अविश्वासही ठरत नाही. लेखी दुजोरा मागण्याचे काम नियमानेच आपल्याला नेमून दिलेले आहे.

ते करण्याची रीत सौम्य ठेवता येते. साहेब बोलले त्याच दिवशी, फाइलवर, प्रश्नाच्या नव्हे तर नोंदीच्या रूपात लिहावे : ‘आज सकाळी झालेल्या चर्चेत दिलेल्या निर्देशानुसार अर्जदारास मुदतवाढ देण्याबाबतचा मसुदा सोबत ठेवला आहे. मान्यतेसाठी सादर.’ यात कोणाला जाब विचारलेला नाही, त्यांना नव्याने काही लिहावे लागत नाही, फक्त सही करायची आहे. घाईच्या माणसाला सहीपुरतेच काम ठेवले की तो बहुधा सही करतो. फाइल सही न होता परत आली, तर आठवडाभरात त्याच फाइलवर एक ओळ जोडून ती पुन्हा पाठवावी : ‘मान्यतेअभावी पत्र निर्गमित केलेले नाही.’ आणि ते पत्र खरोखरच निर्गमित करू नये.